नोंदवही कुणाच्या घरी ठेवायची?

गेल्या महिन्यात एका वाचनालयातून काकूंचा फोन आला. "अरे, 'वाऱ्यावरची वरात' माझ्यासमोर कपाटात आहे, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय असं पुस्तकच नाही. पु.लं.चं पुस्तक आमच्याकडे नाही, हे सभासदाला कुठल्या तोंडाने सांगू?"

आम्ही पाच-सहा जण मिळून छोट्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर करतो. नोकऱ्या सांभाळून, शनिवार-रविवारचं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कुणीही बघावा, वापरावा, दुरुस्त करावा. मी लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटांत कपाळावर हात मारला. हा बिघाड आम्ही दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केला होता.

बिघाड अस्सल मराठी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 'वाऱ्यावर'मधला 'ऱ' कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक, अख्खं 'ऱ' हे अक्षर. दुसरा, साधा 'र' आणि त्याला जोडलेला नुक्ता. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती वेगवेगळी अक्षरं. काकूंनी पुस्तक नोंदवलं एका कीबोर्डवरून, शोधलं दुसऱ्या. जुळणार कसं? यावर उपाय म्हणून आम्ही एक ओळ घातली होती: साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची. मध्यंतरी एक नवा मुलगा आमच्यात आला. हुशार आहे. त्याने साफसफाई करताना ती ओळ काढून टाकली. त्याला ती निरुपयोगी वाटली, कारण ती का घातली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे लिहिलं होतं, पण मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये. त्यावर आम्ही तासभर वाद घातला होता, उदाहरणं दिली होती, स्क्रीनशॉट टाकले होते. तो ग्रुप पुढे बंद झाला, दुसरा निघाला. ज्याच्याकडे जुन्या गप्पा होत्या त्याचा फोन पाण्यात पडला. कोडची एक ओळसुद्धा हरवली नव्हती. हरवलं होतं ते त्या ओळीमागचं कारण.

मग रविवारी चहावर बैठक. विषय एकच: तक्रारी कुठे नोंदवायच्या आणि चर्चा कुठे करायची? पाच माणसं, सहा मतं. एक म्हणाला गिटहब, दुसरा म्हणाला स्वतःचा सर्व्हर, तिसरा म्हणाला ईमेल बरी, चौथी म्हणाली वाचनालयातल्या काकूंना यातलं काहीही जमणार नाही, फोनच ठेवा. निर्णय झाला नाही. मी घरी येऊन विचार केला की हा प्रश्न पडलेले आपण काही पहिले नाही. मोठमोठ्या प्रकल्पांनी तीस वर्षं यावर डोकं फोडलंय. त्यांनी काय केलं ते बघू. जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण मला वाटतं हा विषय फक्त प्रोग्रॅमर लोकांचा नाही.

सुरुवात डेबियनपासून. लिनक्सवर आधारलेला हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, पूर्णपणे स्वयंसेवकांच्या जिवावर. १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याच्यासाठी तक्रार-नोंदणीची यंत्रणा लिहिली. ती चालते ईमेलवर. ठरलेल्या पत्त्यावर मेल पाठवायची, तक्रारीला क्रमांक मिळतो, पुढची सगळी उत्तरं त्या क्रमांकाखाली जमा होतात. वेबवर ती कुणालाही वाचता येतात. दिसायला एकदम साधी, आजच्या पोरांना तर पुराणकालीन वाटेल. पण ती आजही चालू आहे आणि २०२१ मध्ये तिथल्या तक्रारींच्या क्रमांकाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. नव्वदच्या दशकातल्या तक्रारीचा संदर्भ आजच्या चर्चेत देता येतो. आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीची फाईल मागून बघा, म्हणजे याचं मोल कळेल.

१९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राऊझरचा कोड खुला केला आणि त्याच वर्षी बगझिला आलं. फॉर्म भरायचा, बिघाड किती गंभीर, कोणत्या आवृत्तीत, कुणाकडे सोपवला, सगळे रकाने. ओपन सोर्सच्या जगात पुढची कित्येक वर्षं हाच नमुना चालला. पण हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं. म्हणजे सर्व्हरचा खर्च, बॅकअप, रात्री बंद पडला तर उठणारा माणूस. छोट्या प्रकल्पांना हे परवडत नव्हतं.

ही अडचण ओळखून १९९९ च्या नोव्हेंबरात सोर्सफोर्ज सुरू झालं. कोड ठेवा, तक्रारी नोंदवा, चर्चा करा, सगळं एका छताखाली आणि फुकट. हजारो प्रकल्प तिथे राहायला गेले. फुकटच्या घरात भाडेकरूचं जे होतं ते पुढे झालं. चालवणाऱ्या कंपनीने काही वर्षांतच सोर्सफोर्जचा स्वतःचा कोड बंद केला. नंतर जाहिराती वाढल्या. २०१३ मध्ये 'गिम्प' हा चित्रं संपादित करायचा प्रसिद्ध प्रकल्प वैतागून तिथून निघाला. २०१५ मध्ये उघडकीस आलं की गिम्पच्या विंडोज आवृत्तीचं तिथलं जुनं खातं सोर्सफोर्जने स्वतःच्या ताब्यात घेऊन, डाऊनलोडच्या जोडीला भलत्याच सॉफ्टवेअरच्या ऑफर चिकटवल्या होत्या. पुढे मालक बदलले आणि २०१६ मध्ये तो प्रकार थांबला. पण विश्वास एकदा गेला की गेला.

गूगलनेही २००६ मध्ये 'गूगल कोड' नावाने अशीच जागा दिली होती. २०१५ च्या मार्चमध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि २०१६ च्या जानेवारीत दार लागलं. त्याच २०१५ मध्ये 'गिटोरियस' बंद झालं. म्हणजे मालक वाईट वागला तरच जागा जाते असं नाही, कधी मालकाला कंटाळा येतो.

आता लिनक्सची गोष्ट, कारण तिच्यात मला आमच्या बैठकीतला प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसला. २००२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, कोड सांभाळायला 'बिटकीपर' नावाचं साधन घेतलं. ते खाजगी कंपनीचं होतं, पण ओपन सोर्सवाल्यांना काही अटींवर फुकट वापरता येत होतं. अनेकांनी तेव्हाच विरोध केला. सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवायचं आणि ते बनवायचं साधन मात्र एका कंपनीच्या मर्जीवर? टोरवाल्ड्स यांचं म्हणणं सरळ होतं: काम चांगलं होतंय ना, मग वापरा. तीन वर्षं काम खरंच वेगाने झालं. मग अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने बिटकीपरशी बोलू शकेल असं खुलं साधन लिहायला घेतलं. कंपनीला ते आपल्या अटींविरुद्ध वाटलं. २००५ च्या एप्रिलमध्ये फुकट परवाना मागे घेतला गेला.

जगातला सगळ्यात मोठा ओपन सोर्स प्रकल्प एका दिवसात उघड्यावर. टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि जूनमध्ये कर्नेलची नवी आवृत्ती त्याच साधनावर निघाली. त्याचं नाव गिट. आज जगभरातले प्रोग्रॅमर जे वापरतात ते हेच.

गिटमध्ये कोड एका जागी नसतो. प्रकल्पावर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहासासकट प्रत असते. उद्या मुख्य सर्व्हर जळाला तरी कुणाच्याही लॅपटॉपवरून सगळं परत उभं करता येतं. ठेच लागल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.

पण मंडळी, तक्रारी आणि चर्चा यांचं काय? त्या गिटमध्ये नसतात. २००८ मध्ये गिटहब आलं, २००९ मध्ये त्यांनी तक्रारींची सोय दिली. वापरायला इतकी सोपी की सगळं जग तिकडे गेलं. मीही. गिटहबवरून प्रकल्पाची प्रत उतरवली की कोडचा सगळा इतिहास तुमच्याकडे येतो. त्या कोडवर झालेले वाद, 'हे असं का केलं'ची उत्तरं, कुणीतरी रात्री दोनला लिहिलेलं लांबलचक स्पष्टीकरण, हे मात्र कंपनीच्या सर्व्हरवरच राहतं. मुद्दाम यंत्रणा वापरून उतरवून घेता येतं, नाही असं नाही. पण आपणहून घेतं कोण? लिनक्सवाले अजूनही बहुतेक चर्चा ईमेलवर करतात. लोक त्यांना हट्टी म्हातारे म्हणतात. पण त्यांच्या मेलचा संग्रहसुद्धा गिटच्या स्वरूपात ठेवलेला आहे, कुणीही आख्खा उतरवून घ्यावा असा. बिटकीपरचा धडा त्यांनी चर्चेलाही लावला, असं मला वाटतं.

आता पायथन. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, कारण इथे निर्णय एका माणसाने नाही, समितीने घेतला, दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळा उलटसुलट.

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा. तिच्या तक्रारी सोर्सफोर्जवर नोंदवल्या जायच्या आणि लोक तिथे त्रासले होते. २००६ मध्ये पायथन फाउंडेशनच्या समितीने जाहीर आवाहन केलं: चांगलं साधन सुचवा आणि आमचा सोर्सफोर्जवरचा डेटा त्यात आणून दाखवा. नुसती भाषणं नकोत. चार साधनं उतरली: जिरा, लाँचपॅड, राऊंडअप, ट्रॅक. समितीने तपासून ऑक्टोबरमध्ये शिफारस केली ती जिराची. खाजगी कंपनीचं साधन, पण दणकट, आणि ते फुकट चालवून, सांभाळून द्यायला माणसं तयार होती. बिटकीपर प्रकरणाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. साहजिकच कुरबुर झाली.

पण समितीने शिफारशीतच एक दार उघडं ठेवलं होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. राऊंडअप हे खुलं साधन होतं, पायथनमध्येच लिहिलेलं, दर्जाही चांगला. अडचण एवढीच की ते सांभाळणार कोण? समितीने सांगितलं की सहा ते दहा माणसं सांभाळायची जबाबदारी घ्यायला पुढे आली तर राऊंडअप घेऊ. नाही आली तर जिरा. म्हणजे तत्त्वाची बाजू घेणाऱ्यांना सांगितलं: मत दिलंत, आता वेळ द्या. माणसं पुढे आली. २००७ च्या ऑगस्टमध्ये पायथनची स्वतःची, राऊंडअपवरची तक्रार-नोंदवही सुरू झाली.

आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाची, सोसायटीची मीटिंग आठवा. 'हे व्हायलाच पाहिजे' म्हणणारे पन्नास, 'मी करतो' म्हणणारे दोन. समितीने तो फरक आधीच मोजला.

गोष्ट इथे संपली असती तर बोधकथा झाली असती. पण वर्षं गेली. उत्साहाने आलेली माणसं संसाराला लागली, राऊंडअप जाणणारे मोजके उरले. २०१७ मध्ये पायथनचा कोड गिटहबवर गेला होता. नव्या लोकांना कोड एका जागी आणि तक्रारी दुसऱ्या जागी, वेगळं खातं, जुनाट पडदा, हे जड जाऊ लागलं. मारिएटा विजया यांनी 'पीईपी ५८१' या प्रस्तावात तक्रारीही गिटहबवर न्याव्यात अशी मांडणी केली. उलट बाजूने एझिओ मेलोट्टी आणि बर्कर पेक्साग यांनी दुसरा प्रस्ताव लिहिला: आहे तेच साधन सुधारूया, त्यात आपल्या गरजेचे रकाने आहेत, आणि एका कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी मुद्दे लेखी मांडले, हे महत्त्वाचं. २०१९ च्या मे महिन्यात गिटहबचा प्रस्ताव मान्य झाला. प्रत्यक्ष स्थलांतराला २०२२ चा एप्रिल उजाडला. जवळजवळ तीन वर्षं!

इतका वेळ का लागला असेल, हे घर बदललेल्या कुणालाही समजेल. उदाहरणार्थ, नव्या जागी तक्रारींचे क्रमांक बदलले. आणि जुने क्रमांक तर कोडमध्ये, बदलांच्या नोंदींत, सगळीकडे विखुरलेले. म्हणून जुनी पानं वाचण्यापुरती शिल्लक ठेवली आणि जुन्या क्रमांकावरून नव्याकडे नेणारी वाट बांधली. ती बांधली नसती तर पंधरा वर्षांची चर्चा अस्तित्वात असूनही सापडली नसती. आमच्या 'वाऱ्यावर'च्या चर्चेसारखी.

पायथनने २००६ मध्ये खुलं साधन निवडलं, ते चूक होतं का? की २०१९ मध्ये कंपनीकडे गेले, ते चूक? मला दोन्ही बरोबर वाटतात. पहिल्या वेळी माणसं होती, दुसऱ्या वेळी नव्हती.

कंपनीकडे जाण्यातला धोका मात्र खोटा नाही, आणि तो आपल्या दाराशीही येऊन गेलाय. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून भारतात ३२ संकेतस्थळं रोखायचा आदेश निघाला. त्या यादीत गिटहबचं नाव होतं, सोर्सफोर्जचंही होतं. आक्षेप होता तो तिथे कुणीतरी टाकलेल्या मजकुराला. पण बंदीचा फटका बसला तो ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा प्रोग्रॅमरना. नंतर बंदी उठली. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. इराणसाठीची परवानगी मिळवून ती दारं पुन्हा उघडायला २०२१ उजाडलं. या सगळ्यात एकाही प्रोग्रॅमरची चूक नव्हती. गिटहब त्याआधीच, २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं. माझा मायक्रोसॉफ्टवर राग नाही. पण ज्या घरात आपण राहतो ते विकलं जाताना आपल्याला कुणी विचारत नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.

आणि गप्पांची साधनं? आमचा पाय घसरला तो तिथेच. ओपन सोर्सवाले पूर्वी आयआरसी नावाच्या गप्पांच्या जाळ्यावर जमायचे. त्यातलं सगळ्यात मोठं जाळं 'फ्रीनोड'. २०२१ मध्ये मालकीवरून भांडण झालं, चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी मे महिन्यात एकगठ्ठा राजीनामे दिले आणि 'लिबेरा' नावाचं नवं जाळं काढलं. प्रकल्प तिकडे हलले. स्लॅक सोयीचं आहे, पण २०२२ पासून फुकट खात्यात गेल्या ९० दिवसांच्याच गप्पा दिसतात. दोष स्लॅकचा नाही. गप्पा म्हणजे गप्पाच. चूक होते ती चहाच्या टपरीवर निर्णय घेऊन तो कागदावर न उतरवण्यात.

हे सगळं वाचून मी पुढच्या रविवारी गेलो. या वेळी भांडण कमी झालं, कारण प्रश्न बदलला होता. 'कुठलं साधन चांगलं' हे सोडून आम्ही तीन गोष्टी विचारल्या. तक्रार करणाऱ्याला इथे पोहोचता येईल का? हे सांभाळायला आपल्यात कोण आहे, आणि तो गेल्यावर कोण? उद्या इथून निघायची वेळ आली तर सामान उचलून नेता येईल का?

स्वतःचा सर्व्हर बाद झाला. सुचवणाऱ्याला विचारलं, "दोन वर्षं सांभाळशील?" त्याने प्रामाणिकपणे मान हलवली. माणूस नाही, मग साधन नाही. तक्रारी गिटहबवर नोंदवायचं ठरलं, पण तीन अटींवर. पहिली, दर महिन्याला सगळ्या तक्रारी आणि त्यांवरची चर्चा उतरवून दोघांच्या लॅपटॉपवर ठेवायची. तारीख ठरली, नावं ठरली. दुसरी, कुठलाही निर्णय झाला की तो का घेतला हे चार ओळींत, मराठीत, कोडच्या शेजारच्याच फाईलमध्ये लिहायचं, म्हणजे कोड जिथे जाईल तिथे कारणही जाईल. तिसरी अट चौथीने, म्हणजे फोनवालीने, घालून घेतली. वाचनालयातल्या माणसांनी फोनच करायचा. ज्याने फोन घेतला त्याने त्याच दिवशी तक्रार नोंदवायची, तीही सांगणाऱ्याच्या शब्दांत. मोबाईलवरचा ग्रुप चालूच आहे. तिथे वाढदिवस आणि वडापाव.

नव्या फाईलमधली पहिली नोंद त्या नव्या मुलानेच लिहिली. 'वाऱ्यावरची वरात सापडत नव्हती, कारण ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. ही ओळ काढू नये.' खाली तारीख.

आता जरा तुमच्याकडे बघा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा निर्णय, मंडळाच्या वर्गणीचा हिशोब, गावच्या रस्त्यासाठी दिलेला अर्ज आणि त्यावर झालेलं बोलणं, हे आज कुठे आहे? कुणाच्या तरी फोनमध्ये असेल, तर या रविवारी तेवढं एका वहीत उतरवून घ्या. आणि त्या वहीची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.